हरळांमाजि : एका कॉयर-रेकॉर्डिंगच्या नोंदी

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार

वसईचा मित्र आज स्टाफ नोटेशनची (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीची) जाडजूड चोपडी घेऊन घरी आला. दिवसा बँकेत, रविवारी चर्चमध्ये कीबोर्डवर. यातून उरलेल्या वेळात, चार वर्षं खपून, त्याने 'ख्रिस्तपुराण' या चारशे वर्षांपूर्वीच्या मराठी काव्यातल्या ओव्या चार आवाजांसाठी (बायकांचे सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांचे टेनर आणि बास) बांधल्या आहेत. पाच तुकडे आहेत: नमन, मराठीची स्तुती, ख्रिस्तजन्म, दुःखसहन, पुनरुत्थान. मिळून ३४ मिनिटं, वाद्य एकही नाही. गाणार त्याच्याच गावचा कॉयर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, २४ जणांचा, पैकी टेनर ४. (टेनर कुठेच पुरत नाहीत म्हणे.)

माझं रोजचं काम मालिकांच्या डबिंगचं, मधूनच एखादं भजनी मंडळ. कॉयर कधी रेकॉर्ड केलेला नाही, हे त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "म्हणून तर तुझ्याकडे आलो. तुला ओवी कळते." आजीच्या ज्ञानेश्वरी पारायणाला मी प्रसादापुरता हजर असायचो, एवढीच माझी ओवीशी ओळख.

ठरलं असं: मी पैसे घेणार नाही, भाड्याच्या माइकचे आणि येण्याजाण्याचे तेवढे कॉयर देईल. ही वही मात्र नीट ठेवायची. मागच्या भजनाच्या वेळी कुठला टेक कुठे गेला ते शोधण्यात दोन रात्री गेल्या होत्या.

२६ ऑगस्ट

पुस्तकाबद्दल वाचून काढलं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट (येशूसंघाचे धर्मगुरू) १५७९ मध्ये गोव्यात आले आणि पुढची चाळीस वर्षं, मुख्यतः गोव्यातल्याच साष्टीत, तिथेच राहिले. १६१६ मध्ये राचोलला 'ख्रिस्तपुराण' छापलं, १६१९ मध्ये वारले. पुराणाचे दोन भाग, मिळून दहा हजारांवर ओव्या. एकनाथ महाराज १५९९ मध्ये गेले, म्हणजे वीस वर्षं दोघं एकाच काळात होते. एक पैठणला, एक साष्टीत, आणि दोघांच्या हाताशी ओवीच.

आमच्या कामाशी संबंध असलेली एक गोष्ट. पुस्तक इथल्या लिपीत छापावं अशी फादरांची इच्छा होती, १६०८ मध्ये त्यांनी रोमला वरिष्ठांना तसं पत्रही लिहिलं. आपल्या लिपीला साचे शेकड्यांनी लागतात, त्यामुळे ते जमलं नाही आणि मराठी रोमन अक्षरांत छापली गेली. 'ण' आणि 'ळ' दाखवायला अक्षर दोनदा. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज माहीत नाही. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती रोमन लिपीत आहे. लंडनला एक देवनागरी हस्तलिखित आहे, आणि १९५६ ची शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती आहे. पाठ जागोजागी वेगळे. मित्राने ठिकठिकाणचं निवडून घेतलंय. मी त्याला म्हटलं, एक पाठ पक्का करून टाइप करून दे. माइकसमोर 'पुष्प' की 'पुस्प' ही चर्चा मला नको.

८ सप्टेंबर, रविवार

गणपतीचा दुसरा दिवस, आणि वसईत मारियेच्या जन्माचा सण. दोन्हीकडचं गोड खाऊन मित्राच्या घरी ऐकायला बसलो. त्याला हवा असलेला आवाज कोणता, ते मला ऐकायचं होतं.

त्याने आर्व्हो पार्ट या एस्टोनियन संगीतकाराचं 'कानोन पोकायानेन' लावलं. पश्चात्तापाची प्रार्थना, चर्च स्लाव्होनिकमध्ये (ऑर्थोडॉक्स चर्चच्या जुन्या भाषेत), नुसत्या आवाजांसाठी, ऐंशी मिनिटांच्या वर. एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर कॉयर, संचालक तोनू काल्युस्ते, रेकॉर्डिंग जून १९९७, एस्टोनियाची राजधानी तालिन, तिथलं निगुलिस्ते चर्च. कोलोनच्या कॅथीड्रलच्या ७५० व्या वर्षासाठी लिहिलेलं काम. दगडी कमानींत स्वर उठतो, वर जाऊन थांबतो, आणि पुढचा शब्द येईपर्यंत मागचा खाली उतरत असतो. माझ्या कामात हे कुठेच येत नाही. आमच्याकडे स्टुडिओच्या भिंतींना स्पंज लावून आवाज मारतात.

(ते चर्च आता चर्च राहिलेलं नाही. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, पुन्हा बांधलं, १९८४ पासून म्युझियम आणि मैफलीची जागा. हे कळल्यावर मित्र जरा हिरमुसला.)

पण त्याने पार्टकडून उचललंय ते वेगळं. पार्ट चाल आधी करून शब्द त्यात बसवत नाही. शब्दाला अक्षरं किती, आघात कुठे, विराम कुठे, यावरून चालीची लांबी ठरते. एक आवाज पायरीपायरीने चालतो, दुसरा त्याच्या बाजूने त्रिस्वराच्या तीन सुरांपुरताच फिरतो. मित्राने हेच ओवीवर लावलंय. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, तुटल्यासारखा. त्या चौथ्या चरणाला त्याने सगळे आवाज एका सुरावर आणून सोडलेत. खाली बास सा-प धरून बसलेले. कागदावर बघताना मला हे गणित वाटलं. मग त्याने एकट्याने म्हणून दाखवलं:

ॐ नमो विश्वभरिता
देवा बापा सर्वसमर्था
परमेश्वरा सत्यवंता
स्वर्गपृथ्वीचेया रचणारा

'देवा बापा'ला त्याने दोन-दोन मात्रा दिल्यात, साध्या, घरातल्या हाकेसारख्या. आता कळलं हा चार वर्षं काय करत होता.

२९ सप्टेंबर

चर्च बघून आलो. जाड दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, वर लाकडी कैच्या आणि मंगळुरी कौलं. डोळ्यांना निगुलिस्तेचं धाकटं भावंड वाटावं असं. कानांना मात्र तसं नाही.

फुगे फोडून आवाज किती वेळ घुमतो ते मोजलं. मधल्या सुरांना रिकाम्या चर्चमध्ये १.४ सेकंद, वरच्या सुरांना एकच्याही खाली. कौलं आणि त्यांच्या फटी आवाज खाऊन टाकतात, छताकडे गेलेला परत येतच नाही. बाकं लाकडाची, ती ठीक. फुगे फुटताना ऐकून सॅक्रिस्टीतून (वेदीशेजारच्या खोलीतून) एक बाई धावत आल्या. त्यांना वाटलं पोरं आत शिरली.

गोंगाट मांडून ठेवतो: १८ पंखे (बंद करायचे). मागच्या वाडीत पाण्याचा पंप. पश्चिम रेल्वे लांब आहे, पण रात्री वारा तिकडून असला तर हॉर्न येतो. मुंबईला उतरणारी विमानं. कुत्री. पाऊस असला तर कौलांवर ताशा, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत विषयच नाही.

फादर हसून म्हणाले, "शांतता हवी तर चर्चमध्ये कशाला आलात?"

१९ ऑक्टोबर

तालमीला पूर्ण वेळ बसलो, एक माइक लावून. आजचा दिवस कामाचा ठरला.

संचालक गावातल्या शाळेचे निवृत्त संगीतशिक्षक, सगळे 'सर' म्हणतात. कॉयर लॅटिनमध्ये आणि इंग्रजीत छान गातो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकापासून, मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) मराठीत आली, त्यामुळे मराठी गीतंही सरावाची. पण ती गीतं चालीची असतात, पेटीतबल्यासोबत. चार आवाजांत सुटं मराठी म्हणायला लागले की त्यांची जीभ आपोआप लॅटिन होते. 'भासा'चा 'भ' गुळगुळीत होऊन 'ब'कडे झुकतो. 'माजि'तला 'मा' एवढा लांबतो की 'जि' हरवते.

मधल्या सुट्टीत 'हरळांमाजि' म्हणजे काय ते विचारलं. एक सोप्रानो म्हणाली, "हरळी. गवत. गवतात रत्न चमकतं तसं." बासमधल्या एका काकांनी तिला दुरुस्त केलं: हरळ म्हणजे खडे, तांदूळ निवडताना निघतात ते. निम्म्या कॉयरने तीन महिने गवत गायलं होतं.

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कि रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

तीन चरणांच्या शेवटी तीन 'ळा'. आणि 'ळ' हे कॉयरला अवघड अक्षर. जीभ वर वळून आपटते, आणि चोवीस जिभा एकाच क्षणी आपटत नाहीत. माइकवर ते डब्यातल्या चण्यांसारखं वाजतं. सरांचा उपाय ऐकण्यासारखा होता: 'ळ' फक्त आल्टोंनी पूर्ण म्हणायचा, बाकीच्यांनी जीभ नुसती टेकवायची. 'पुस्पांमाजि पुस्प मोगरी'लाही हेच. 'स' दोघींनीच म्हणायचा, बाकीच्यांनी 'पु'वरून सरळ 'पा'वर. दहा मिनिटांत सगळं स्वच्छ झालं. ऐकणाऱ्याला वाटतं चोवीसही जण म्हणताहेत.

दुसरी गोष्ट मला सापडली, असं मी समजतो (मित्राला आधीच माहीत असणार). जुनी मराठी गायला सोपी आहे. आपण 'मोर', 'थोर' म्हणतो. शेवटी 'र'वर तोंड मिटतं, सूर धरून ठेवायला काही उरत नाही. ओवीत आहे 'पखियांमधें मयोरु, रुखियांमधें कल्पतरु, भासांमधें मानु थोरु'. प्रत्येक चरण 'उ'वर उघडा. तो शेवटचा 'उ' कॉयरला पाहिजे तेवढा धरता येतो. आजच्या मराठीत हेच काम केलं असतं तर मित्राला निम्म्या ठिकाणी 'हो' किंवा 'रे' घुसवावे लागले असते.

२७ ऑक्टोबर

हक्कांचं बघितलं. ओव्या चारशे वर्षांपूर्वीच्या, संगीत मित्राचं, प्रश्न मिटला. मित्राच्या मनात शेवटी पार्टचा एखादा छोटा तुकडा जोडायचा होता. संगीतकार हयात, रचना हक्कातली. आपल्या कॉपीराइट कायद्यात दुसऱ्याची रचना पुन्हा रेकॉर्ड करण्याची सोय आहे (कलम ३१ क), पण पहिल्या रेकॉर्डिंगला पाच वर्षं व्हावी लागतात आणि रॉयल्टी किमान ५०,००० प्रतींची धरून आगाऊ भरावी लागते. आमच्या ३०० सीडी निघणार, त्यातल्या निम्म्या नातेवाइकांत. किंवा मग प्रकाशकाशी थेट बोलणं. मित्र म्हणाला, सोड. मलाही बरं वाटलं. आपल्या ओव्यांशेजारी तो तुकडा ठेवला असता तर लोकांनी तुलनाच केली असती.

१ डिसेंबर

आगमनकाळाचा (नाताळच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार. तालीम नाही. गेल्या २१ तारखेपासून जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरांचं शव दर्शनाला ठेवलंय, दहा वर्षांनी, ५ जानेवारीपर्यंत. नऊ जण तिकडे गेलेत. उरलेले नाताळच्या कॅरोलमध्ये. सरांनी आम्हाला जानेवारीची तारीख दिली.

११ जानेवारी २०२५, शनिवार

पहिलं सत्र. रात्री साडेनऊ ते दीड. मांडणी: मध्ये दोन माइकची जोडी, अंतर १७ सेंमी, कोन ११० अंश, उंची ३.२ मीटर, पहिल्या रांगेपासून ३.५ मीटर. बाजूला दोन ओम्नी (सगळ्या दिशांनी ऐकणारे माइक), जागेचा आवाज धरायला. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट.

नमनाचे दोन टेक झाले आणि बँड सुरू झाला. तीन घरं सोडून उद्या लग्न. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, मोठा ढोल. बँड छान वाजवत होता, खरं म्हणजे आमच्या बासपेक्षा सुरात. एक जण विनंती करायला गेला तो अर्ध्या तासाने जेवून आला.

साडेअकराला बँड थांबला आणि डीजे चालू झाला. त्याची ठोक जमिनीतून येते, माइकच्या स्टँडमधून थेट आत. त्याच्या खालून काम केलं. मराठीच्या स्तुतीचे ७ टेक, वापरण्यासारखे दोन.

सामान गाडीत भरताना फादर म्हणाले, "मार्चमध्ये या. राखेचा बुधवार ५ ला आहे. तिथून ईस्टरपर्यंतच्या प्रायश्चित्तकाळात आमच्याकडे लग्नं होत नाहीत." हे त्यांनी ऑगस्टमध्येच सांगितलं असतं तर! पण ऑगस्टमध्ये मी विचारलं कुठे होतं?

१४ जानेवारी

हेडफोनवर ऐकलं. सूर उतरतोय. पांढरी दोनला (पेटीच्या त्या पट्टीच्या सुराला) सुरू झालेलं नमन साडेपाच मिनिटांनी पाव स्वर खाली. गाताना कुणाला कळत नाही, कारण सगळे एकत्र उतरतात. पण टेक ३ ची सुरुवात टेक ५ च्या शेवटाला जोडायला गेलं की जिन्याची पायरी चुकल्यासारखं होतं.

मार्चसाठी: प्रत्येक टेकआधी तानपुरा, मोबाइलवर, अर्धा मिनिट, मग बंद. सरांना पिच पाइपची (सूर देणाऱ्या छोट्या शिट्टीची) सवय आहे, पण पाइप एकच स्वर देतो. तानपुऱ्यातला 'प' बासना बांधून ठेवेल.

९ फेब्रुवारी

ही नोंद लांबणार आहे.

गेले पंधरा दिवस जानेवारीच्या दोन बऱ्या टेकना 'निगुलिस्ते' करण्यात घातले. म्हणजे संगणकात दगडी चर्चचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावायचा. आधी ४ सेकंद, मग ३, मग २.५. मित्राला पाठवलं, त्याचा रात्री पावणेएकला फोन: "हेच! हेच पाहिजे होतं." मलाही आवडलं होतं. नुसत्या 'आ'वरचा घुमारा ऐकून अंगावर काटा येतो.

मग सहज म्हणून स्तुतीच्या चार ओव्या आईला पाठवल्या आणि म्हटलं, शब्द वहीत उतरव. चार ओव्या, सोळा चरण. आई ७४ वर्षांची, कान चांगला, ख्रिस्तपुराण कधी वाचलेलं नाही. तिने पाच चरण लिहिले, बाकी टिंबं. लिहिलेल्या पाचातला एक असा: 'तैसी मासांमाजि चोखळा'. फोनवर म्हणाली, "गीतेतलं आहे ना? मासानां मार्गशीर्षोऽहम्."

मी हसलो, पण चूक तिची नव्हती. ओव्याच गीतेतल्या विभूतियोगाच्या वळणाने चालतात: फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, वृक्षांत कल्पतरू, ताऱ्यांत बारा राशी. इंग्लंडहून आलेल्या पाद्र्याने जी रीत उचलली ती आईला पाठ होती, म्हणून तिने गाळलेली जागा बरोबर मापाने भरली. फक्त शब्द भलताच होता.

त्याच टेक रिव्हर्ब काढून पाठवल्या. अकरा चरण.

मग माइकच्या अंतराकडे पाहिलं. साडेतीन मीटरवर त्या खोलीतलं सगळं नुसतंच लांबचं होतं. घुमारा नाही आणि जवळीकही नाही. वाईटातलं वाईट. निगुलिस्तेत लांबचा माइक चालतो, कारण तिथे लांब गेलेला आवाज परत येतो. इथे कौलं तो ठेवून घेतात.

मला वाटतं प्रश्न एवढाच आहे. स्लाव्होनिकची ती रेकॉर्डिंग आपण ऐकतो तेव्हा आपल्याला एकही शब्द कळत नाही, म्हणून आपण घुमाऱ्यावर खूश. तालिनमधला म्हातारा माणूस ती कशी ऐकतो मला माहीत नाही. पण ओवी ही ऐकून समजण्याची गोष्ट. मिस्सेनंतर लोकांना बसवून ती वाचून दाखवायचे, म्हणायचे. 'भासा मराठी' हे दोन शब्द कळले नाहीत तर ती ओवी आमच्या कामाची नाही.

१६ फेब्रुवारी

मित्राशी भांडण. फोनवर नको म्हणून वसईला गेलो. तो म्हणाला, मी त्याच्या संगीताला डबिंग समजतोय. मी म्हटलं, तू शब्द अक्षराअक्षराने मोजून चाल केलीस आणि आता तेच शब्द तुला धुक्यात टाकायचेत. तो म्हणाला, पवित्रपणाला जागा लागते. मी म्हटलं, मग जागेचा खर्च काढ, तालिनला जाऊ.

त्याच्या बायकोने मासळीचं जेवण वाढलं आणि दोघांनाही गप्प केलं. ती कॉयरमध्ये आल्टो आहे, 'ळ' म्हणणाऱ्यांपैकी. जेवताना म्हणाली, "दुःखसहनात घुमारा असू दे. तिथे आम्ही निम्मा वेळ नुसतं 'आ'च करतोय. बाकीच्यात आमचे शब्द ऐकू येऊ देत, तीन महिने खपलोय त्यावर."

तसंच ठरलं.

२० मार्च, गुरुवार

शिमगा आटोपला, गुढीपाडव्याला दहा दिवस, लग्नं नाहीत. रात्री पावणेदहा.

नवी मांडणी: कॉयर सरळ रांगांत नाही, अर्धवर्तुळात, बाकं हटवून. जोडी २.२ मीटरवर, उंची २.६. बाजूचे ओम्नी आत ओढले. पायाखाली जुन्या सतरंज्या, कारण कोटा लाद्यांवर चपला वाजतात. नंतर सगळ्यांना अनवाणीच केलं.

पहिला तास वाया. डाव्या ओम्नीत खरखर. केबल माझीच, घरी तपासली नव्हती. बदलली.

पंखे बंद, ३० अंशांच्या वर. दर वीस मिनिटांनी पंखे पाच मिनिटं. बहुतेक जणांना पहाटेची लोकल, तरी कुणी घड्याळ पाहिलं नाही. नमन: ६ टेक. तानपुऱ्याने चांगलं काम केलं, सूर उतरला तो नावापुरता.

रात्री बारानंतर छत वाजायला लागलं. दिवसभर तापलेली लाकडं आणि कौलं गार होताना टक्-टक् करतात, दर मिनिटाला एखादं. याची यादी मी सप्टेंबरमध्ये केली नव्हती, कारण तेव्हा दुपारी गेलो होतो.

२१ मार्च

संध्याकाळी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) होती, त्यामुळे सगळे आधीच थकलेले, पण आवाज तापलेले. दुःखसहन आजच घ्यायचं सरांनी सुचवलं. एका दमात, ११ मिनिटं, दोनच टेक. दुसऱ्यानंतर कुणी बोललं नाही, मीही रेकॉर्डर थांबवायला विसरलो. त्या दीड मिनिटात छत तीनदा वाजलंय.

मग लाइट गेली. रेकॉर्डर बॅटरीवर होता. मेणबत्त्यांत ख्रिस्तजन्माचे ३ टेक घेतले. स्वरलिपी दिसेना म्हणून पाठ म्हटलं, आणि हेच टेक सगळ्यांत मोकळे आलेत. पुढच्या वेळी मुद्दाम लाइट घालवावी काय?

२२ मार्च

मराठीची स्तुती, १४ टेक. 'भ'साठी सरांनी सगळ्यांना तळहात तोंडापुढे धरायला लावला: हाताला वारा लागला पाहिजे. 'भासांमाजि'चा भ आता भजनातल्या भ-सारखा येतो. पुनरुत्थान ५ टेक. दोन विमानं, एक टिटवी. दीडला संपलं. आल्टोतल्या सगळ्यांत मोठ्या आंटींनी घरून चहाचा थर्मास आणि रव्याचा केक आणला होता.

६ एप्रिल

संपादन. एकूण ४१ जोड, त्यातले १९ एकट्या स्तुतीत. दुःखसहनात एकही नाही, दुसरा टेक जसाच्या तसा. छताचे टक्-टक् काढले, शेवटच्या शांततेतला एक राहिलाय. तो काढला की शांतता खोटी वाटते. टिटवी पुनरुत्थानाच्या शेवटच्या 'उ'वर ओरडली होती. मित्राला ठेवायची होती, म्हणे पहाट झाल्यासारखी वाटते. काढली. वेगळ्या सुरात होती.

२७ एप्रिल

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, पोप फ्रान्सिस गेले. काल अंत्यविधी झाला. कॉयर आठवडाभर शोकमिस्सांमध्ये, त्यामुळे एकत्र ऐकण्याची बैठक पुढे गेली. सर म्हणाले, तेही जेझुइट आणि स्टीफन्सही. सीडी त्यांच्या नावे करूया का? ठरलं नाही.

मी मिक्स संपवला. दुःखसहनाला २.२ सेकंदांचा रिव्हर्ब, बेताचा. बाकी चार तुकड्यांना खोलीचा आहे तोच. कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार दाबणारं यंत्र) कुठेही नाही. नमनाची सुरुवात इतकी हळू आहे की लोकलमध्ये ऐकू येणार नाही. मित्र म्हणाला, लोकलमध्ये ऐकू नये.

११ मे

आईला अंतिम मिक्स पाठवला, तीच अट. आज वही दाखवली. सोळाच्या सोळा चरण, शुद्धलेखन तिचं, पण शब्द तेच. पहिल्या ओळीतल्या 'हरळां'खाली रेघ आणि समासात प्रश्नचिन्ह.

पुस्तिकेची प्रुफं अजून मित्राकडेच आहेत. त्याला कळवलं: ओव्यांखाली एक ओळ वाढव. हरळ म्हणजे खडे, गवत नव्हे.

माइक परत केले, पावती मिळाली. सतरंज्या चर्चला दिल्या. एक स्टँडचा स्क्रू हरवलाय, वाकून शोधला, सापडला नाही.